वाट कोण निवडते?
(यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामसेवक व संगणक परिचालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उमरखेड तालुक्यातील सेवा केंद्रात एखाद्या शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्ज भरला जातो. कळ दाबताच तो अनेक जाळी ओलांडून दूरच्या संगणकाकडे निघतो. त्यास वाट दाखविण्याचे काम ठिकठिकाणी बसविलेली राउटर नावाची यंत्रे करतात. मुदतीच्या अखेरच्या दिवशी या वाटेवर किती अवलंबून असते, हे आपणांस सांगावयास नको. ही वाट निवडली कशी जाते, याचा आज विचार करू.

प्रथम टपालाचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामवंत पंडित होते. ४४५२०४ हा पुसदचा क्रमांक. परराज्यातील टपाल कर्मचाऱ्यास पुसद कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. आरंभीचे अंक पाहून तो पत्र महाराष्ट्राकडे रवाना करतो. पुढे ४४५ हे अंक पाहून ते यवतमाळच्या थैलीत पडते आणि अखेरचे अंक त्यास पुसदला पोहोचवितात.

राउटरची रीतही अशीच आहे. अर्जाचे लहान लहान तुकडे होतात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर पत्ता असतो. राउटरजवळ मार्गांची एक सारणी असते व तीतील ज्या नोंदीचे आरंभापासूनचे सर्वाधिक अंक पत्त्याशी जुळतात, ती ग्राह्य धरली जाते. संपूर्ण प्रवास तो ठरवीत नाही. पुढचा मुक्काम तेवढा ठरवितो.

परंतु एकाच ठिकाणी जाण्यास दोन वाटा असतील तर? यवतमाळहून नागपूरला कळंब, देवळी, वर्धा असे जाता येते. पांढरकवडा व हिंगणघाटमार्गेही जाता येते. यांतील चांगली वाट कोणती, हे आपण काय मोजतो यावर ठरते. आरआयपी ही जुनी पद्धत केवळ टप्पे मोजते; पंधराहून अधिक टप्पे झाल्यास ते ठिकाण अगम्य समजते. तिच्या लेखी तीन टप्प्यांची गाडीवाट ही चार टप्प्यांच्या महामार्गाहून सरस! ओएसपीएफ ही पद्धत प्रत्येक जोडणीस एक ‘खर्च’ लावते. रुंद वाटेस कमी, अरुंद वाटेस अधिक, असा तो सामान्यतः असतो. मग ती सर्वांत कमी बेरजेचा मार्ग शोधते. हे गणित डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले होते.

एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जाताना बीजीपी ही पद्धत लागू होते. येथे अंतराआधी आपसांतील करार पाहिले जातात. पूर्वी भारतातील दोन कंपन्यांमधील संदेशही अनेकदा परदेशातून फिरून येत. ते देशातच परस्परांस देता यावेत म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली.

ही सारी व्यवस्था परस्परविश्वासावर चालते. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांची अधिक नेमकी, परंतु चुकीची नोंद जगापुढे ठेवली. सर्वाधिक अंक जुळणारी नोंद म्हणून राउटरांनी ती स्वीकारली आणि सुमारे दोन तास जगातील बहुतेक ठिकाणी यूट्यूब दिसेनासे झाले. यंत्रांनी नियम पाळला होता. नोंद खोटी होती.

आता आपल्या कामाची गोष्ट. एक वाट तुटली की राउटर काही क्षणांत दुसरी शोधतो. पण दुसरी वाट मुळात असावी लागते. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतींसाठी प्रकाशतंतूंची तार टाकली जाते. ती तार कड्यासारखी फिरून आली असेल, तर एका बाजूस तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालते. ती केवळ फांदीसारखी गावात येऊन संपत असेल, तर जलवाहिनीसाठी खोदताना एक घाव बसला की गाव तुटते. तेथे उत्तम राउटरही निरुपाय होतो. दोन तारा एकाच चरातून नेल्या, तर घावाच्या दृष्टीने ती एकच तार होय.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जोडणीचा आराखडा पुढे येईल तेव्हा दुसरी तार वेगळ्या रस्त्याने येते का, हे अवश्य विचारावे. आणि गावात खोदकाम निघाले की आधी तारेची जागा माहीत करून घ्यावी. त्यासाठी केंद्र शासनाने २०२३ साली ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे. वाट निवडणे हे यंत्राचे काम आहे. निवडण्याजोग्या वाटा निर्माण करणे व त्या राखणे हे मात्र आपले काम आहे.