उरलेले आणि उष्टे

(महोत्सवाच्या पूर्वसंध्येस महिला मंडळापुढे केलेले भाषण)



उद्या महोत्सवाच्या पंक्तीस कोंबडीचा रस्सा होणार, आणि पंक्ती उठल्यावर पातेल्यात काही उरणार, हे ठरलेलेच आहे. त्या उरल्यासुरल्याचे काय करावे, एवढाच आजचा आमचा विषय. दिसावयास तो लहान आहे. परंतु अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील आपल्या समाजास तो लहान नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांस गावकीच्या कामाबद्दल दारोदार फिरून शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करावे लागत. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असले तुकडे सोडून देण्यास सांगितले, ते मानासाठी. म्हणून आजही एखाद्या आजीपुढे कालचे अन्न ठेविले तर तिचा चेहरा उतरतो. तो हट्ट नव्हे. ती स्मृती आहे.

परंतु उरलेले निराळे व उष्टे निराळे. पाच हजारांची तृप्ती झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले व बारा टोपल्या भरल्या, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. टाकणे त्यास रुचले नाही. दुसऱ्याने टाकलेले खाणे हा अपमान. आपल्याच चुलीवरचे सांभाळून, सर्वांनी एकत्र बसून खाणे हा संसार होय.

आता कृती. जे ताटात वाढलेच गेले नाही तेच उरलेले समजावे. ताटातले पुन्हा पातेल्यात घालू नये. पंक्ती आटोपताच रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. कडक उन्हाळ्यात एका तासाच्या आत. तीन दिवसांत तो संपवावा.

सहा माणसांस दोन वाट्या कोंबडी पुरे. हाडे काढून मांसाचे बारीक तुकडे करावेत. दोन वाट्या मॅकरोनी मिठाच्या पाण्यात किंचित कमी शिजवावी. ही इटलीकडची खरी. पण आपल्या शेवयांप्रमाणे तीही गव्हाचीच लेक आहे. दोन मोठे चमचे लोण्यात तितकाच मैदा मंद आचेवर परतून, अडीच वाट्या दूध थोडे थोडे घालीत घोटावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दाट झाल्यावर खाली उतरवून मग पळीभर रस्सा घालावा. टोमॅटोचा आंबट रस्सा उकळत्या दुधात पडल्यास ते फाटण्याचा संभव असतो. मांस व मॅकरोनी मिसळून लोणी लावलेल्या भांड्यात थापावी, वर शिळ्या पावाचा चुरा व थोडे लोणी घालावे. ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंचवीस मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास जाड पातेले मंद आचेवर ठेवून झाकणावर निखारे पसरावेत. मधोमध कडकडीत वाफ आल्यावाचून उतरवू नये.

दुधाने तिखट निवते, मांस मऊ होते. दात नसलेल्या वृद्धांस व लेकरांस हे सुखाने खाता येते.

एकच विनंती. हे शेजारच्या आजीकडे धाडाल तर ते गरम असावे, पुढच्या दाराने जावे, आणि त्याच भांड्यातले आपल्या घरीही वाढलेले असावे. ‘आम्हीही हेच जेवतो आहोत’ असे तिला सांगता आले, म्हणजे ते अन्न शिळे राहिले नाही.