कौल आणि विवेक



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी शिकलो, तिनेच आपल्या दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्यासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. गुरुजी वारकरी होते, मी ख्रिस्ती. तरीही माझ्या प्रार्थनेला वळण लावले ते गुरुजींनीच. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

१९७४ साली मला पुण्यात अध्यापकाची जागा मिळत होती. इकडे बेळगावात विधवा आई एकटी. मी रात्री प्रार्थना केली, दोन चिठ्ठ्या लिहून बायबलात ठेवल्या आणि एक उचलली. ‘बेळगाव’ निघाले. घडी नीट पडली नव्हती, अशी मनाची समजूत घालून मी पुन्हा चिठ्ठी काढली. या वेळी ‘पुणे’ निघाले आणि मी देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना हे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, “अरे, पहिला कौल नाकारलास तेव्हाच तुझे ठरले होते. तुला देवाकडून वाट नको होती, सही हवी होती. आधी आपल्याला काय हवे आहे ते त्याच्यापाशी कबूल कर. आणि आईला विचारलेस का?”

मी विचारले नव्हते.

पुढे शास्त्र वाचताना गुरुजींच्या बोलण्याचा अर्थ उलगडत गेला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आरंभी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. पण पवित्र आत्म्याच्या आगमनानंतर नव्या करारात अशी निवड पुन्हा दिसत नाही. यरुशलेमेच्या सभेत अन्यजातीयांवर नियमशास्त्राचे ओझे लादावे की नाही, हा बिकट प्रश्न पुष्कळ वादविवाद करून, अनुभव ऐकून, शास्त्र पडताळून सुटला. प्रभू येशूनेही गेथशेमानेत आपली इच्छा लपविली नाही. ती पित्यापुढे उघडपणे मांडली आणि मगच त्याच्या इच्छेला शरण गेला. कबुली आधी, समर्पण नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्या साहित्यातही याची साक्ष आहे. याच बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी परमहंस सभेच्या संपर्कातून आणि दीर्घ मनोमंथनातून १८५४ साली बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला सोबत न घेता. लक्ष्मीबाईंनी विरहाची वर्षे सोसली. जातिभेदाचे बंधन त्यांच्या मनातून आधी गळाले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की एकाच घरातल्या दोघांना देव एकाच घटकेला बोलावतो असे नाही. एकाला लाभलेल्या प्रकाशाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. म्हणून मार्गदर्शन मागणाऱ्याने त्या दुसऱ्याचा आवाजही ऐकावा.

मी आईला विचारले. ती म्हणाली, “तू जा. मी मात्र हे घर सोडणार नाही.” तिने मला मोकळे केले, आणि त्यामुळेच मला तिचे एकटेपण दिसले. मी बेळगावात राहिलो. पीएच.डी. दहा वर्षे लांबली. पुण्यातील ग्रंथालयांची हळहळ पुष्कळ दिवस होती. आईच्या अखेरच्या आजारात मी उशाशी होतो. तो निर्णय देवाचाच होता, असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. एवढे मात्र खरे, की तो घेताना मी देवापासून किंवा आईपासून काहीही लपविले नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, आकाशवाणी होईल म्हणून थांबू नका. प्रार्थना करा, शास्त्र वाचा, वडीलधाऱ्यांना विचारा, ज्यांना झळ पोहोचणार त्यांच्याशी बोला. मग नम्रपणे पाऊल टाका. चूक उमगली तर मागे फिरण्याची लाज बाळगू नका. आणि एकदा निघालेली चिठ्ठी पुन्हा काढावीशी वाटली, तर क्षणभर थांबून गुरुजींचे स्मरण करा.