अरण्याचे साक्षी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत आम्हीं केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आम्हीं दोन शब्द बोलावे अशी महोत्सव-मंडळाची इच्छा आहे. या देवळाच्या भिंती कशा उभ्या राहिल्या, वाळू कोणीं वाहिली, हें सांगणारीं वडीलधारीं माणसें आपल्यांत पुष्कळ आहेत, आणि तीं तें आमच्यापेक्षां अधिक गोडीनें सांगतील. म्हणून आम्ही आज आपणांस फार दूर घेऊन जाणार आहों. शेवटीं मात्र याच मंडपांत परत आणून सोडूं, असें वचन देतों.

दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत जगांतील सर्वांत मोठें पर्जन्यारण्य आहे. त्याच्या उत्तर भागांत, ब्राझिल व व्हेनेझुएला या देशांच्या सीमेवर, यानोमामी नांवाचे आदिवासी राहतात. एका मोठ्या वर्तुळाकार छपराखालीं अनेक कुटुंबें एकत्र नांदतात. शिकार, मासेमारी व लहानशी शेती यांवर त्यांचा निर्वाह चालतो. अरण्य हें त्यांस लाकडाचें कोठार वाटत नाहीं. तें त्यांचें घर आहे.

१९७१ सालीं क्लाउडिया आंदुजार ही छायाचित्रकार स्त्री त्यांच्यांत गेली. तिचा जन्म १९३१ सालीं स्वित्झर्लंडांत झाला. तिचे वडील हंगेरियन यहुदी. दुसऱ्या महायुद्धांत ते व त्यांच्या कुळांतील बहुतेक माणसें नाझींच्या छळछावण्यांत नाहींशीं झालीं. ही मुलगी मातेबरोबर पळाली म्हणून वांचली. १९५५ सालीं ती ब्राझिलमध्यें आली. छातीवर खूण लावून माणसांस मरणाकडे नेतात, हें जिनें बालपणीं पाहिलें, तिच्या डोळ्यांस पुढें काय दिसलें, तें ऐकण्यासारखें आहे.

यानोमामींच्या प्रदेशांत कात्रिमानी नदीच्या कांठीं कोन्सोलाता संघाच्या मिशनऱ्यांचें ठाणें होतें. तेथील ब्रदर कार्लो झाक्विनी यांचें या बाईंस मोठें साह्य झालें. प्रथम ती केवळ चित्रें काढावयास गेली होती. परंतु १९७० नंतरच्या त्या दशकांत सरकारनें अरण्यांतून महामार्ग काढावयास घेतला. मजूर आले, त्यांच्याबरोबर गोवर व पडसें आलें, आणि त्या रोगांची संवय नसलेले यानोमामी मोठ्या संख्येनें मेले. कॅमेरा घेऊन आलेल्या त्या स्त्रीस कळून चुकलें कीं, मरणाऱ्याचें सुंदर चित्र काढून घरीं परत जाणें, ही कांहीं माणुसकी नव्हे.

१९७७ सालीं लष्करी राजवटीनें तिला त्या प्रदेशांतून बाहेर काढलें. पुढल्याच वर्षीं तिनें ब्रदर झाक्विनी, मानववंशशास्त्रज्ञ ब्रूस आल्बेर आदिकरून सहकाऱ्यांसह यानोमामींच्या भूमीस संरक्षण मिळवून देण्यासाठीं एक समिति स्थापिली. १९८० नंतरच्या वर्षांत ती डॉक्टरांबरोबर लस टोंचण्याच्या कामीं गांवोगांव हिंडली. यानोमामींत माणसाचें नांव चारचौघांत उच्चारणें अनादराचें मानितात. तेव्हां कोणास लस दिली, हें कसें ओळखावें? प्रत्येकाच्या गळ्यांत आंकड्याची एक चकती अडकविली, व तिच्यासह त्याचें छायाचित्र घेतलें. आईच्या कडेवरचें मूल, म्हातारा, तरणाबांड शिकारी, सर्वांच्या गळ्यांत आंकडा. पुढें अनेक वर्षांनीं तींच चित्रें प्रदर्शनांत मांडलीं गेलीं, तेव्हां त्या बाईंनीं सांगितलें कीं, आपल्या बालपणीं यहुद्यांवर जी खूण होती ती मरणासाठीं होती. ही खूण जगण्यासाठीं होती.

बंधुभगिनींनो, खूण एकच. परंतु ती लावणाऱ्याचें अंतःकरण निराळें. आम्हीं हीं चित्रें पुस्तकांत प्रथम पाहिलीं, तेव्हां बराच वेळ पान उलटवेना.

इतक्यांत सोन्याची हांव अरण्यांत शिरली. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत सुमारें ४०,००० सोनेखोदे त्या प्रदेशांत घुसले. सोनें वेगळें करण्यास पारा वापरितात. तो नदींत उतरतो, माशांत शिरतो, व माशांतून माणसांच्या देहांत जातो. खणलेल्या खड्ड्यांत पाणी सांचतें, डांस वाढतात, हिंवताप पसरतो. १९८९ सालीं आंदुजार बाईंनीं साओ पावलो शहरांत प्रदर्शन मांडलें. यानोमामींचा संहार म्हणजे ब्राझिलचाच मृत्यु, अशा अर्थाचें त्याचें नांव होतें. शहरच्या लोकांनीं ज्यांस कधीं पाहिलें नव्हतें, त्यांच्या डोळ्यांस डोळा भिडविणें त्यांस भाग पडलें.

शेवटीं १९९२ च्या मे महिन्यांत ब्राझिल सरकारनें सुमारें ९६,००० चौरस किलोमीटर भूमि यानोमामींची म्हणून मान्य केली. हें क्षेत्र आपल्या महाराष्ट्राच्या तृतीयांशाएवढें भरेल. या यशाचें श्रेय एकट्या चित्रांस देणें बरोबर होणार नाहीं. नकाशे काढणारे, खटले लढविणारे, औषधें वाहणारे पुष्कळ होते. आणि सर्वांपुढें होते दावी कोपेनावा हे स्वतः यानोमामी, ज्यांनीं आपल्या लोकांचें गाऱ्हाणें देशोदेशींच्या सभांत आपल्या तोंडानें मांडिलें. यानोमामींच्या हातीं कागद व रंग देण्याचें कामही आंदुजार बाईंनीं पूर्वींच केलें होतें. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथें तिचीं छायाचित्रें मांडलीं गेलीं, तेव्हां त्यांच्या शेजारीं यानोमामी चित्रकारांचीं चित्रेंही होतीं. दुसऱ्यासाठीं बोलणाऱ्यानें योग्य वेळीं त्यालाच बोलूं द्यावें, हा धडा त्यांत आहे.

तथापि कागदावरील कायदा म्हणजे कुंपण नव्हे. १९९३ सालीं हाशिमू येथें सोनेखोद्यांनीं १६ यानोमामींस ठार केलें. २०२३ च्या जानेवारींत, हजारों खोदे पुन्हां घुसल्यामुळें, भुकेनें व हिंवतापानें खंगलेल्या मुलांसाठीं सरकारला तेथें आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हणजे साक्ष एकदां देऊन भागत नाहीं. ती पुन्हां पुन्हां द्यावी लागते.

या कामीं आपली ख्रिस्तसभा कोठें होती? नम्रपणें सांगावयाचें तर दोन्ही बाजूंस होती. अमेरिका खंड जिंकला गेला त्या काळीं मूळ रहिवाशांवर जे अपराध घडले, त्यांबद्दल पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं बोलिव्हियांत क्षमा मागितली. २०१८ सालीं ते पेरू देशांत पुएर्तो माल्दोनादो येथें ॲमेझॉनच्या आदिवासींस भेटले, व २०१९ सालीं त्या प्रदेशासाठीं त्यांनीं धर्मगुरुवर्यांची सभा रोममध्यें भरविली. परंतु त्याच ख्रिस्तसभेच्या सिस्टर डोरोथी स्टँग गरीब शेतकऱ्यांची व अरण्याची बाजू घेऊन ब्राझिलमधील आनापू येथें उभ्या राहिल्या, आणि १२ फेब्रुवारी २००५ रोजीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, भर वाटेंत गोळ्यांस बळी पडल्या. आणि कात्रिमानीचें तें ठाणें! १९९६ सालीं तेथील सोरिनो नांवाच्या यानोमामीवर वाघासारख्या जग्वार या पशूनें झडप घालून त्याची कवटी फोडली. मिशनऱ्यांनीं आपले संस्थापक जुझेप्पे आल्लामानो यांचा धांवा केला, डॉक्टरांनीं शर्थ केली, आणि तो मनुष्य बरा झाला. हाच चमत्कार प्रमाण मानून २० ऑक्टोबर २०२४ रोजीं आल्लामानो यांस संतपद देण्यांत आलें. अरण्यांतील एका आदिवासीच्या जखमेच्या साक्षीनें रोममध्यें संत जाहीर झाला, याचा विचार करावा.

आतां दिलेल्या वचनाप्रमाणें मंडपांत परत येऊं. आपण बसलां आहां त्या मंडपाच्या कनातीवर पहा. पांढऱ्या रंगांतील त्रिकोणी देहाचीं माणसें फेर धरून नाचत आहेत. आपल्या तरुणांनीं हौसेनें तीं चितारिलीं, व छान चितारिलीं. तीं वारल्यांचीं चित्रें आहेत. लग्नप्रसंगीं त्यांच्या स्त्रिया कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, त्यांतून ही कला जगभर गेली. पण ज्यांची ही कला, ते डोंगरांतून आपल्या वाड्यांत मजुरीस येतात, तेव्हां त्यांतील किती जणांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? यानोमामींचीं नांवें आदरामुळें उच्चारलीं जात नव्हतीं. आपण वारल्यांचीं नांवें कां विचारीत नाहीं? आम्हीं हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारिला, आणि उत्तर देतांना मान खालीं गेली. या धर्मग्रामांत आल्यापासून कंपाउंडांतलें गवत कापावयास दरवर्षीं एकच जोडपें येतें. त्यांचीं नांवें आम्हांस गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतीं.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारितो, असें आपण दरवर्षीं ऐकतों. तेव्हां महोत्सवाच्या निमित्तानें दोनच गोष्टी आपल्याकडे मागतों. आपल्या वाडींत येणाऱ्या प्रत्येकास नांवानें हांक मारा. आणि आपल्यांत जे शिकलेले, कचेरींत मुरलेले आहेत, त्यांनीं महिन्यांतून एक रविवार डोंगराकडे द्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसलेल्या वनजमिनीवर आदिवासीस हक्क सांगतां येतो. पण त्यासाठीं अर्ज, पुरावे, ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि अनेकांचे अर्ज कागदांअभावीं अडतात. अर्ज त्यांचा, बोलणें त्यांचें. आपण केवळ कागद नीट लावून द्यावयाचे.

कनात उद्यां उतरेल व चित्रें घडी होऊन पेटींत जातील. येत्या पहिल्या रविवारीं मिस्सा संपल्यावर आम्ही देवळाच्या दाराशीं उभे राहूं. ज्यांस डोंगराकडे यावयाचें असेल त्यांनीं तेथें यावें. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.