उतरत्या किमतीची मोटार आणि तिचा न उतरणारा खर्च



दारीं हत्ती झुलावा, ही जुन्या काळची वैभवाची कल्पना. आतां हत्तीची जागा मोटारीनें घेतली आहे. आणि मोटारींतही जी शर्यतीच्या धर्तीवर बांधलेली, तिची ओढ तरुण मनाला विशेष. ही हौस वाईट नव्हे. परंतु हत्ती विकत घेणें निराळें आणि त्याला रोज चारा घालणें निराळें. जुनी वेगवान मोटार घेतांना हाच भेद नेमका विसरला जातो.

उदाहरणादाखल जर्मनींतील पोर्शे कंपनीची ‘९११’ ही गाडी घेऊं. १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. तिचें सहा सिलिंडरांचें इंजिन मागील चाकांच्याही मागें बसविलेलें असतें, आणि तें तीस वर्षांहून अधिक काळ हवेनें थंड होत असे. १९९७ सालीं कंपनीनें ही परंपरा मोडून पाण्यानें थंड होणारें इंजिन आणलें. या पिढीला जाणकार ‘९९६’ म्हणतात. शक्ति तीनशें अश्वांची, वेग ताशीं २८० किलोमीटरपर्यंत. नवी असतांना अमेरिकेंत तिला सुमारें ६५ हजार डॉलर पडत. पुढें पंधराएक वर्षांनीं तीच गाडी तेथें वीस-पंचवीस हजारांत मिळूं लागली. म्हणजे साध्या नव्या कौटुंबिक मोटारीच्या किमतींत! नोकरीनिमित्त परदेशीं स्थायिक झालेल्या कित्येक मराठी तरुणांनींही अशा जाहिराती मोठ्या आशेनें वाचल्या असतील.

किंमत इतकी उतरण्याचें एक कारण इंजिनाच्या पोटांतच होतें. क्रँकशाफ्टची गति व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टांपर्यंत पोंचविणारा एक मधला दांडा या इंजिनांत असतो. त्याचें एक टोंक बंदिस्त बेअरिंगवर फिरतें. काळ लोटतां त्यांतील वंगण धुपून जातें, आणि आंत झिरपलेलें तेल ताजें होत नाहीं. गोळ्या झिजतात, बेअरिंग फुटतें, दांडा जागचा हलतो, साखळीचा मेळ चुकतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनांवर आदळतात. मुठींत मावेल एवढ्या भागापायीं सबंध इंजिन निकामी होतें. आणि तें नव्यानें बांधण्याचा खर्च पुष्कळदां त्या उतरलेल्या किमतीची बरोबरी करी. प्रकरण न्यायालयांत गेलें, व २००१ ते २००५ या सालांच्या कांहीं गाड्यांबाबत अमेरिकेंत २०१३ सालीं तडजोड झाली.

येथें मात्र या गाडीवर अन्याय होतां कामा नये. बहुसंख्य गाड्यांत तें बेअरिंग फुटलें नाहीं. त्याच पिढीच्या ‘टर्बो’ आणि ‘जीटी ३’ या गाड्यांचें इंजिन निराळ्या घडणीचें असल्यामुळें त्यांत हा दोष नव्हताच. आणि २००९ च्या नमुन्यापासून तो मधला दांडाच काढून टाकण्यांत आला. शिवाय बेअरिंग बदलतां येतें. त्यासाठीं गिअरबॉक्स व क्लच उतरावे लागतात. म्हणून शहाणा मालक क्लच बदलण्याच्या वेळींच तेंही काम उरकून घेतो. एकाच मजुरींत दोन कामें होतात.

खरी गोम दुसरीकडेच आहे. मोठा दोष माणसाला घाबरवितो. परंतु घर पोखरतात ते लहान खर्च. या गाडीचे मागील टायर पुढच्यांहून रुंद असतात. त्यामुळें ते पुढें-मागें बदलून त्यांचें आयुष्य वाढवितां येत नाहीं, आणि मऊ रबरामुळें ते लवकर झिजतात. लहान मोटारीला जेथें चार लिटर तेल पुरतें, तेथें हिला आठ लिटरांच्या आसपास लागतें. पाणी थंड करणारे रेडिएटर पुढच्या बाजूस. त्यांत पालापाचोळा सांचून ते गंजतात. पाण्याचा पंप, ब्रेकच्या तबकड्या, इग्निशनच्या कॉइली, या सर्वांची पाळी केव्हां ना केव्हां येतेच. मोटार जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग जुन्या भावानें मिळत नाहींत. विक्रीची किंमत गाडीच्या वयाप्रमाणें ठरते. देखभालीची किंमत तिच्या कुळाप्रमाणें ठरते. हें एक वाक्य ध्यानांत राहिलें, तरी पुष्कळ मनस्ताप वांचेल.

मग अशी गाडी विश्वासार्ह कीं अविश्वासार्ह? या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं निघालेल्या दोन गाड्या वीस वर्षांनीं अगदीं भिन्न असतात. म्हणून रंगापेक्षां पावत्या पाहाव्यात. तेल केव्हां बदललें, क्लच केव्हां बदलला, काम कोणीं केलें, हें कागदावर असावें. विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, असा स्वतंत्र मेकॅनिक आणावा. त्यानें तेलाचा फिल्टर उघडून त्यांत धातूचे कण आहेत काय हें पाहावें. गाडीच्या संगणकांतही साक्ष असते. धांवत्या गाडींत चुकून फार खालचा गिअर पडला, तर चाकेंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवितात. त्याची नोंद तेथें राहते. इंजिन एकंदर किती तास चाललें, हेंही तेथें कळतें. मीटरवरील मैलांना त्या तासांनीं भागावें. सरासरी वेग विचित्रपणें कमी आला, तर मैलांचा आंकडा मागें फिरविल्याचा संशय घ्यावा. शाळेंतला भागाकार असा उपयोगी पडतो! आणि थोडे मैल हा नेहमींच गुण नव्हे. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचीं रबरी सीलें वाळतात, टायर नवे दिसले तरी कडक होतात.

शेवटीं हिशेब घराचा. हातीं पंचवीस हजार असतील, तर पंचवीस हजारांची गाडी घेऊं नये. किमतीचा निदान तिसरा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं वेगळा काढावा. ती रक्कम मुलांच्या शिक्षणांतून वा वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्यांतून येणार असेल, तर ती गाडी स्वस्त नाहीं. तो संकल्प घरांत सर्वांना ठाऊक असावा. कारण पत्नीपासून लपविलेल्या पावत्या इंजिनाहून लवकर घात करतात. दुरुस्तीची तरतूद करून, पारखून, सर्वांच्या संमतीनें घेतलेली जुनी गाडी पुष्कळ वर्षें आनंद देते. हत्ती दारीं अवश्य झुलावा. मात्र त्याआधीं चाऱ्याची गंजी परसांत रचलेली असावी.