पेन्सिल कोणाच्या हातात?

(अंबाडी येथे बाहुलीनाट्याच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहुलीचं चित्र कागदावर काढायचं की कॉम्प्युटरवर, असं सकाळी तुमच्यातल्या दोघींनी विचारलं. माझी एक चूक सांगते, त्यातच उत्तर आहे.

घरातल्या मारहाणीवरच्या प्रयोगासाठी आम्ही बाहुल्या करायला घेतल्या. काम लवकर उरकावं म्हणून मी थेट कॉम्प्युटर मांडला. तो चालवता येणारी गटात एकच मुलगी. बाकीच्या बारा जणी भोवती उभ्या, नुसत्या बघत. तयार चित्रांतून सासू निवडली ती चेटकिणीसारखी. सून गोरी, नाजूक. कुणीच हरकत घेतली नाही. नंतर चहा पिताना एक जण म्हणाली, "माझी सासू अशी नाही. मला मार बसतो तेव्हा तीच मध्ये पडते." पेन्सिल तिच्या हातात असती, तर हे आधीच कळलं असतं.

आपल्या जिल्ह्यांना हे नवं नाही. वारल्यांच्या लग्नाचा चौक सवासिणी लिहीत. तांदळाचं पीठ, चावून मऊ केलेली बांबूची काडी, सारवलेली भिंत. १९७०च्या दशकात कागद आला, चित्रं शहरात विकली जाऊ लागली आणि नावं पुढे आली ती बहुतेक पुरुषांची. जिव्या सोमा म्हसे यांचं कर्तृत्व मोठंच. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण साधन बदललं की हातही बदलतो, हे विसरायला नको.

म्हणून पहिलं चित्र प्रत्येकीने कागदावर काढायचं. त्याला टूबी पेन्सिल घ्या. ती मऊ असते, जोर न लावता काळी उमटते. शाळा सुटल्यापासून पेन्सिल न धरलेल्या हाताला बरी. मापाच्या रेघांना एचबी. मान, खांदा, कोपर, जिथे बाहुली वळणार तिथे गोल खूण करा. ब्लाउज बेततो तसे अवयव वर्तमानपत्रावर कापा, टाचणीने जोडा, हलवून बघा. मोठं करायला चौकटी आखा: १ सेंटीमीटरच्या चौकटीतलं ४ सेंटीमीटरच्या चौकटीत उतरवायचं. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला हे शिकवावं लागत नाही.

चित्र पक्कं झालं की कॉम्प्युटर. मोबाइलवर फोटो काढून तो इंकस्केपमध्ये घ्या, त्यावरून रेघा ओढा. ते फुकट मिळतं आणि रेघ कितीही मोठी केली तरी फुटत नाही. रंग करून बघायला क्रिता, तेही फुकट. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद, तेव्हा मोठी बाहुली तुकड्यांत छापून चिकटवा. माप बरोबर छापलं का, फुटपट्टीने तपासा. हीच बाहुली दुसऱ्या गावच्या गटाला पाठवता येते, हा कॉम्प्युटरचा खरा फायदा. पण माऊस पाळीपाळीने सगळ्यांच्या हाती द्या.

ती सासू आम्ही पुन्हा केली. त्या सुनेनेच काढली. एक डोळा लहान, एक मोठा झालाय. पण आता ती प्रयोगात मध्ये पडते.