नमुना कुणाचा?



 कारागीर आणि डिझायनर यांच्या सहकार्याच्या आजच्या विषयासाठी कोल्हापूर सोयीचे आहे, आणि थोडे अडचणीचेही. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानमध्ये आमच्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही केला नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. आपला संताप रास्तच होता, पण खरी अडचण पुढेच आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे. ‘कोल्हापुरी’ न म्हणता कुणी तसाच अंगठा, तसेच कान बसवले, तर ते मानांकन फारसे कामी येत नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे, की मजुरीबरोबर नमुन्यावरचा हक्क आणि नाव आधीच कागदावर आले, तरच त्याला सहकार्य म्हणावे.

डिझायनरने आखायचे आणि कारागिराने हात चालवायचे, ही वाटणीच मला मान्य नाही. कच्छमध्ये कलारक्षा विद्यालयाने २००५ पासून विणकर, रंगारी आणि भरतकाम करणाऱ्या स्त्रियांनाच डिझाइन शिकवले, तेही धंदा सांभाळून येता येईल अशा छोट्या सत्रांत. यावर, अशाने परंपरा बिघडेल, असा आक्षेप घेतात. कच्छमध्येच अजरख कापड छापणाऱ्या खत्रींचे उदाहरण पाहा. त्यांचे मूळ गिऱ्हाईक मालधारी पशुपालक. ते स्वस्त सिंथेटिक कापडाकडे वळल्यावर या खत्रींनी पुन्हा नैसर्गिक रंग हाती घेतले आणि शहरी गिऱ्हाईक मिळवले. २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्या धमडका गावच्या पाण्यात लोह वाढले, तेव्हा कित्येकांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले. काय बदलायचे आणि काय नाही, हे त्यांना बाहेरून कुणी सांगावे लागले नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कोल्हापुरीचे चामडे किमतीत रेक्झिनशी स्पर्धा करू शकत नाही, करूही नये. पण नवी चप्पल चावते, जोडागणिक माप बदलते, या गिऱ्हाइकाच्या तक्रारी खऱ्या आहेत. डिझायनरने इथे डोके लावावे. (करकर मात्र राहू द्या, तिचे चाहते अजून आहेत.) नवा घाट काढण्यापेक्षा हे काम कमी दिमाखाचे, पण महाग चपलेला दुसऱ्यांदा गिऱ्हाईक यानेच मिळेल.

दुपारच्या सत्रात नमुना-कराराचा मसुदा आपल्यापुढे येईल. चपलेची वेणी घालण्याचे काम बहुतेक घरांत बायका करतात, आणि मसुद्यात ‘कारागीर’ म्हणून सहीची जागा एकच आहे. चर्चा तिथून सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.