प्लेस्टेशन की एक्सबॉक्स?
(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं आम्हाला ‘मुलं आणि खेळ’ असा विषय दिला. विषय मोठा आणि आरतीची वेळ ठरलेली. म्हणून त्यातला एकच प्रश्न घेतो, जो सध्या आपल्यापैकी चार-पाच घरांत धुमसतो आहे. टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घ्यायचंच ठरलं, तर प्लेस्टेशन घ्यायचं की एक्सबॉक्स?

आमच्या घरी ही निवडणूक तीन महिने चालली. थोरला प्लेस्टेशनच्या बाजूनं, धाकटी एक्सबॉक्सच्या. जेवणाच्या ताटावर प्रचार, अभ्यासाच्या टेबलावर जाहीरनामा. मुलांची आजी तटस्थ आणि आजोबांना दोन्ही उमेदवार अमान्य. सुरुवातीला आम्हाला हा दोन डब्यांमधला वाद वाटला. पण दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. थोरल्याच्या वर्गातल्या मित्रांकडं प्लेस्टेशन आहे. ते सगळे तेलुगू बोलणारे, याच गावातले, रोज भेटणारे. धाकटीचा जीव चंद्रपूरच्या मामाच्या घरात. तिथल्या मामेभावंडांकडं एक्सबॉक्स आहे. म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हताच. खेळायचं कुणाबरोबर, इकडच्यांबरोबर की तिकडच्यांबरोबर, असा तो प्रश्न होता.

मंडळी, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मराठी मुलखात गेला आणि आपण इकडं राहिलो. आपले वाडवडील जागचे न हलता आधी हैदराबाद संस्थानात होते, मग आंध्र प्रदेशात आले. २०१४ साली आपण तेलंगणात आलो आणि २०१६ साली आदिलाबादचा मंचिर्याल जिल्हा झाला. सोयरीक बल्लारशा-चंद्रपूरकडं आणि भाकरी बेल्लमपल्लीत, अशी आपली सत्तर वर्षं गेली. तेव्हा पोरांच्या या भांडणाला हसून चालणार नाही, असं आम्ही ठरवलं.

आधी या दोन घराण्यांचा थोडा इतिहास, कारण आपल्या पिढीला तो आवडेल. आपण लहान असताना ज्यात पिवळी कॅसेट खुपसून ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळत होतो, ती बहुतेक यंत्रं जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती. ही निन्टेंडो १८८९ साली क्योटो शहरात पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली होती. पुढं निन्टेंडो आणि सोनी यांनी मिळून सीडीवर चालणारं यंत्र करायचं ठरवलं. १९९१ साली सोनीनं अमेरिकेतल्या प्रदर्शनात तशी घोषणाही केली. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोनं जाहीर केलं की आपण फिलिप्सबरोबर जाणार. मांडवात नवरदेव बदलावा तसं झालं. सोनीनं मग स्वतःचं यंत्र केलं आणि डिसेंबर १९९४ मध्ये जपानात प्लेस्टेशन आलं. २००० साली आलेलं प्लेस्टेशन-टू हे जगात सर्वांत जास्त विकलं गेलेलं खेळाचं यंत्र ठरलं. सोनी अशीच बैठकीची खोली जिंकत गेली तर आपल्या संगणकाचं काय, या काळजीनं मायक्रोसॉफ्टनं २००१ साली एक्सबॉक्स आणला. त्याच वर्षी सेगा कंपनीनं यंत्रं बनवणं थांबवलं. तेव्हापासून आपल्या मुलांच्या वादात ही दोनच मोठी नावं उरली. निन्टेंडोचं स्विच लोकप्रिय आहे, पण भारतात ते कंपनीकडून अधिकृतपणे विक्रीला आलेलं नव्हतं. बिघडलं तर दाद कुणाकडं मागायची, म्हणून आम्ही ते यादीतून वगळलं.

यात आपल्या राज्याचाही वाटा आहे बरं का. २००९ साली प्लेस्टेशन-टूवर ‘हनुमान : बॉय वॉरियर’ नावाचा खेळ आला. तो हैदराबादच्या कंपनीनं बनवला होता. त्याच सुमारास हैदराबादच्याच दुसऱ्या एका कंपनीनं ‘देसी अड्डा’ नावाचा खेळ केला. त्यात कबड्डी आणि विटीदांडू होते. अंगणातला विटीदांडू टीव्हीत गेला म्हणून हसावं की रडावं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता मुद्द्याचं. आम्ही सरकारी नोकर. कुठलीही खरेदी म्हटली की आधी तुलनात्मक तक्ता. घरातही तोच केला. आमच्या ऑफिसात सर्वांत कमी भावाच्या निविदेला ‘एल-वन’ म्हणतात. एल-वनला काम द्यायचं असतं, पण आधी त्यानं सगळ्या अटी पुऱ्या केल्यात का, हे बघायचं असतं. इथंही तसंच.

नव्या पिढीची यंत्रं २०२० च्या नोव्हेंबरात जगात आली. भारतात एक्सबॉक्स सिरीज-एस ३४,९९० रुपयांना आणि सिरीज-एक्स ४९,९९० रुपयांना सुरू झालं. प्लेस्टेशन-फाइव्ह आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला आलं. डिस्कचं ४९,९९० आणि बिनडिस्कचं ३९,९९०. २०२४ साली त्याचं सडपातळ रूप आलं, तेव्हा भाव ५४,९९० आणि ४४,९९० होते. भाव बदलत राहतात, दुकानात विचारूनच जा. पण एक गोष्ट तशीच राहिली. डिस्कचं आणि बिनडिस्कचं यांच्यात दोन्ही वेळा नेमका दहा हजारांचा फरक होता.

एल-वन कोण? अर्थात सिरीज-एस. पण त्यात डिस्क घालायला फटच नाही. प्रत्येक खेळ कंपनीच्या दुकानातून इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. मोठा खेळ शंभर जीबीचा असू शकतो. घरात ४० एमबीपीएसचं कनेक्शन असेल आणि ते खरोखर तेवढा वेग देत असेल, तर शंभर जीबी उतरायला साडेपाच तास लागतात. १० एमबीपीएस असेल तर बावीस तास. त्यात लाइट गेली, की पोरगं राउटरकडं डोळे लावून बसलं. शिवाय सिरीज-एसच्या पहिल्या रूपात साठवणीची जागा ५१२ जीबी आणि तीही पूर्ण हाती येत नाही. असे तीन-चार खेळ घातले की कपाट भरलं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी अहवाल होईल. एक्सबॉक्सवर ‘गेम पास’ नावाची वर्गणी आहे. महिन्याला ठरावीक पैसे भरले की शेकडो खेळ उघडतात. ज्याला दर आठवड्याला नवं काही चाखून बघायचंय, त्याला हे वाचनालयासारखं आहे. पण वाचनालयाचंच दुसरं टोकही लक्षात ठेवा. वर्गणी थांबली की पुस्तकं परत. आणि ही वर्गणी वाढत आलेली आहे.

आता डिस्कचा हिशेब. प्लेस्टेशन-फाइव्हसाठी सोनीचा स्वतःचा मोठा नवा खेळ आपल्याकडं ४,९९९ रुपयांना मिळत आला आहे. म्हणजे डिस्कच्या फटीचे जास्तीचे दहा हजार म्हणजे दोन नवे खेळ. डिस्क मित्राला देता येते, त्याची आणता येते, कंटाळा आला तर विकता येते. वर्षभरात अशी दोन डिस्कची अदलाबदल झाली की फटीचे पैसे वसूल. जिथं आजूबाजूच्या चार घरांत तेच यंत्र आहे, तिथं डिस्कचं यंत्र स्वस्त पडतं. जिथं आपण एकटेच आहोत, तिथं वर्गणी परवडते. खरेदीचं सूत्र आम्हाला एवढंच सापडलं. यंत्र कुठलं चांगलं हे कंपनीच्या कागदावर कळत नाही, शेजार बघितल्यावर कळतं.

काही बारीक गोष्टी, आम्ही इलेक्ट्रिकल डिप्लोमावाले म्हणून. प्लेस्टेशन-फाइव्ह मोठा खेळ चालू असताना सुमारे २०० वॅट वीज घेतं. रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिटं. सिरीज-एस याच्या निम्म्याहून कमी घेतं. बिलाची भीती नको, पण उष्णतेची बाळगा. आपल्या कोळसापट्ट्यातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. यंत्र शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका, मागं वीतभर जागा सोडा आणि जाळीवरची धूळ दर पंधरवड्याला काढा. खेळ जतन होत असताना वीज गेली तर खेळाची नोंद बिघडू शकते. म्हणून लहानसा यूपीएस लावा. खरेदी सिकंदराबादच्या पार्कलेनवरून करा किंवा नागपूरहून, पण पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. दुसरा कंट्रोलरही त्याच दिवशी अंदाजपत्रकात धरा.  एकाच कंट्रोलरवर दोन भावंडं म्हणजे रोजचं कुरुक्षेत्र.

मग आम्ही काय घेतलं? डिस्कचं प्लेस्टेशन घेतलं. कारण रोजचा शेजार इथं आहे. ज्यांच्याबरोबर मुलगा शाळेत जातो, क्रिकेट खेळतो, ज्यांच्या घरी उगादीची पच्चडी खातो, त्यांच्याबरोबर त्याला खेळता आलं पाहिजे.

धाकटी दोन दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वर्षातून दोनदा भेटणारी मामेभावंडं, तिचं मराठी बोलायचं ते एकच अंगण. तेव्हा थोरल्यानंच मार्ग काढला. पूर्वी या दोन यंत्रांची मुलं एकमेकांशी खेळूच शकत नव्हती. २०१८ च्या सप्टेंबरात सोनीनं ‘फोर्टनाइट’ या खेळापुरतं ते दार किलकिलं केलं. पुढं ‘माइनक्राफ्ट’लाही ते उघडलं, २०१९ च्या डिसेंबरात. आता बरेच खेळ असे आहेत की एक जण प्लेस्टेशनवर, दुसरा एक्सबॉक्सवर, आणि खेळ एकच. गंमत बघा, माइनक्राफ्टची मालक २०१४ पासून मायक्रोसॉफ्ट आहे आणि तरी तो सोनीच्या यंत्रावर विकला जातो. मोठ्या कंपन्या धंद्यासाठी सीमा मोकळी करतात. आपली पोरं मात्र त्यांच्या नावानं भांडतात.

मात्र विकतचे खेळ इंटरनेटवरून असे एकत्र खेळायचे तर दोन्हीकडं सहसा वर्गणी लागते, हे आधीच विचारात घ्या. आम्ही ती घेतली आणि त्या बदल्यात एक अट घातली. रविवारी संध्याकाळी चंद्रपूर लागायचं आणि हेडफोनवर मराठीतच बोलायचं. आता धाकटी माइनक्राफ्टमध्ये मामेबहिणीबरोबर घर बांधते. परवा तिनं तिकडून ‘ओसरी’ हा शब्द आणला. आमच्या क्वार्टरला ओसरी नाही, पण तिच्या त्या खेळातल्या घराला आहे.

पालकांच्या दोन शंका उरतात. पहिली, हा जुगार तर नाही ना? नाही. तेलंगणानं २०१७ सालीच कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीला बंदी केली आणि २०२५ साली केंद्रानं पैशांच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. टीव्हीवरचा खेळ त्यातला नव्हे. पण खेळाच्या आतही कपडे, नाणी, हत्यारं विकणारी दुकानं असतात. तिथं आपलं कार्ड जोडून ठेवू नका.

दुसरी शंका, व्यसनाची. ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या अनावर सवयीला आजारांच्या यादीत जागा दिली आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. मात्र प्रत्येक खेळणारा मुलगा आजारी नव्हे. खेळापुढं जेवण, झोप, शाळा, माणसं सगळं मागं पडू लागलं आणि ते महिनोन् महिने तसंच राहिलं, तर डॉक्टरांकडं जावं. त्याआधीचं काम आपलं. दोन्ही यंत्रांत पालकांचं खातं काढून रोजचा वेळ बांधून देता येतो. डिस्कच्या वेष्टनावर वयाचा आकडा असतो, ७, १२, १६, १८. चित्रपटाचं प्रमाणपत्र बघता, तसा तोही बघा. आणि यंत्र बैठकीच्या खोलीतच ठेवा. मोबाइलवर मूल पांघरुणात एकटं खेळतं, कुणाला काही दिसत नाही. टीव्हीवर खेळलं की आजीलाही कळतं कोण हरलं.

शेवटी मंडळापुढं एक सूचना ठेवतो. आपल्या वाचनालयाच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा आहे. ज्या घरांत डिस्क आहेत, त्यांनी खेळून झालेल्या डिस्क तिथं ठेवाव्यात. पुस्तकांच्या नोंदवहीतच त्यांची नोंद व्हावी, पंधरा दिवसांची मुदत असावी आणि दर डिस्कबरोबर एक मराठी पुस्तक नेणं सक्तीचं असावं. तेलुगू मित्रांनाही सभासद करून घ्यावं, पुस्तकाची सक्ती त्यांना माफ. आमच्याकडच्या तीन डिस्क आणि आमच्या वडिलांची दोन पुस्तकं आम्ही आजच ग्रंथपालकाकांच्या हाती देतो.



गणपती बाप्पा मोरया!